पाळकसाहेबांचा रुसवा

दवाखान्यातला काटा दीडशे किलोंवर थांबायचा, म्हणून पाळक सुनियाचं वजन धक्क्यावरच्या वखारीत करायचं ठरलं. तिथे कंदांची पोती आणि कावा नावाचं पेय ज्यांपासून करतात त्या मुळांच्या मोळ्या तोलायचा लोखंडी काटा होता. तो मोलितोनीच्या ताब्यात. मोलितोनी वखार सांभाळायचा आणि चर्चचा कारभारीही तोच, त्यामुळे पाळकसाहेबांचं वजन आपल्या काट्यावर होतंय याचा त्याला दुप्पट अभिमान होता. त्याने आधी फळी झाडली, तिच्यावर स्वच्छ चटई अंथरली आणि अदबीने म्हणाला, "या साहेब, चढा."

सुनिया काठी बायकोच्या हातात देऊन चढला.

"एकशे एकाहत्तर," मोलितोनीने धक्क्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. बोटीची वाट बघत बसलेल्या बाया समाधानाने हसल्या. आधीच्या पाळकांना कुणी काट्यावर चढवलं नव्हतं, पण ते एवढे भरले नसते याबद्दल सगळ्यांचं एकमत झालं.

त्याच्या बायकोला, कालोलाइनेला, मात्र तिथून पळून जावंसं वाटलं. लाज वजनाची नव्हती. आमच्या बेटावर वजनाची लाज कुणालाच नाही, आणि ती स्वतः शंभरीच्या पुढे कधीच गेली होती. लोक खूश झाले होते, याची तिला भीती वाटली.

चारच दिवसांपूर्वी मोठ्या बेटावरच्या डॉक्टरने सुनियाचा उजवा तळपाय उचलून तिला दाखवला होता. किनाऱ्यावर प्रवाळ लागून कापलेलं, आणि ते लागलेलं सुनियाला कळलंसुद्धा नव्हतं. साखरेने पायातली जाणीवच गेली होती. दोन महिने झाले, जखम भरायचं नाव घेत नव्हती.

"या पायावर एवढा भार आणि अंगात एवढी साखर, असंच चाललं तर जानेवारीच्या शेवटी मला पाय कापावा लागेल," डॉक्टर म्हणाला. "बारीक व्हा असं मी म्हणतच नाही. एकशे पंचावन्नवर या. साखर खाली आणा. तेवढं उतरलं तर पाय वाचेल असं मला वाटतं."

सुनियाने खाली मान घालून विचारलं, "डॉक्टर, हे खादाडपणाचं पाप आहे का?" हा प्रश्न तो कितीतरी वर्षं मनात घेऊन फिरत होता, हे कालोलाइनेला त्या दिवशी कळलं.

"पापाचं तुम्ही बघा. मला शरीराचं कळतं. एकदा वाढलेलं वजन शरीराला आपलं वाटतं. तुम्ही कमी खाल्लंत की ते भूक वाढवतं, मरगळ आणतं, गेलेलं परत मागतं. म्हणून हळूहळू उतरवायचं. आणि हे एकट्याने होत नाही, घरच्यांची साथ लागते. घरात किती माणसं?"

"दोनशे चाळीस," सुनिया म्हणाला.

डॉक्टर परदेशातून नवीन आलेला होता. त्याला वाटलं, पाळकाने विनोद केला. तो हसला. कालोलाइने हसली नाही, कारण गावात माणसं दोनशे चाळीसच होती.

नर्स फाने दर मंगळवारी पायाची पट्टी बदलायला यायची. पोरगी पंचविशीची, शेजारच्या गावची, तोंडाने फटकळ. तिने पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरात कालोलाइनेचं एक पांढरं ताट घेतलं आणि बोटाने त्याचे भाग पाडून दाखवले. अर्ध्यात पाला आणि भाज्या, पाव भागात अळकुडी किंवा कंद, पाव भागात मासा. नारळाचं दूध फक्त रविवारी. सरबताच्या बाटल्या बंद. डब्यातलं खारट मांस बंद. आणि सिपी तर बंदच बंद.

"सिपी पण?" कालोलाइनेने विचारलं. अळूच्या पानात सिपी गुंडाळून भट्टीत घातली नाही तर तो रविवार कसला?

"काकू, सिपी म्हणजे काय, माहितेय ना? मेंढीच्या पोटाची चरबीची पट्टी. मेंढीचं चांगलं मांस परदेशातले लोक स्वतः खातात आणि ही पट्टी बोटीत भरून आपल्याकडे पाठवतात. आपण ती पाळकाला वाढतो."

कालोलाइनेला तिचा राग आला, आणि मग स्वतःचा आला. तीस वर्षांपूर्वी तिने लग्न केलं तेव्हा सुनिया हा वाळक्या मानेचा, बायबल शिकणारा पोरगा होता. तिच्या आईने बजावून सांगितलं होतं, पाळक असा दिसला तर लोक त्याला काही बोलणार नाहीत, तुला बोलतील. मग तिने त्याला भरवलं. जीव लावून भरवलं. त्याची कॉलर दर दोन वर्षांनी बदलावी लागायची आणि दर वेळी तिला धन्य वाटायचं.

आता तीच बाई अर्ध्या ताटावर बोटाने रेघ मारू लागली. नोव्हेंबर गेला. सुनियाला चालायला बंदी होती, म्हणून फानेने त्याला खुर्चीतच व्यायाम दिला. दोन्ही हातांत डब्यातल्या मांसाचा एकेक मोठा डबा धरायचा आणि वरखाली करायचा. "या डब्यांचा उपयोग एवढाच," ती म्हणायची. सुनिया डबे उचलायचा आणि त्यांच्यावरचं बैलाचं चित्र बघत राहायचा. संध्याकाळी तो ओट्यावर बसायचा तेव्हा गावातल्या भट्ट्यांचा वास यायचा. भूक लागली असं त्याने कधी तोंडाने म्हटलं नाही. फक्त स्तोत्र गुणगुणता गुणगुणता मध्येच थांबायचा, आणि कालोलाइने आतून काकडी कापून आणायची. तो काकडीकडे बघायचा, मग तिच्याकडे, आणि दोघांना हसू फुटायचं.

घरात ती त्याला तू म्हणायची, चारचौघांत पाळकसाहेब. रविवारी उपासनेनंतर कुणाकडे तरी जेवायचं आमंत्रण असेच. तिथे तिने त्याला युक्ती शिकवली होती. "तू बोलत राहा. हातात तुकडा धर आणि योनाची गोष्ट सांग. ती लांब आहे." योना माशाच्या पोटात जाऊन तीन दिवसांनी बाहेर येईपर्यंत ताटं उचलली जायची. एकेका रविवारी हे खपून जायचं, कारण दर रविवारी घर वेगळं असायचं.

नाताळच्या आठवड्यात मोलितोनीच्या काट्याने एकशे बासष्ट दाखवले. या वेळी मोलितोनीने आकडा हळू आवाजात सांगितला, एखाद्याची वाईट बातमी सांगावी तसा. पण फानेने जखम मोजली आणि ती पहिल्यांदाच हसली. नाण्याएवढी जखम वालाच्या दाण्याएवढी झाली होती. "काकू, हा पाय राहतोय," ती म्हणाली. कालोलाइने भट्टीमागे जाऊन रडली.

आणि मग नवीन वर्ष उजाडलं, आणि नव्या वर्षाबरोबर प्रार्थनेचा आठवडा.

आमच्याकडे वर्षाची सुरुवात प्रार्थनेने होते. सात दिवस पहाटे एक उपासना, संध्याकाळी एक उपासना, आणि दर उपासनेनंतर पंगत. चौदा पंगती, चौदा घराणी. आपल्या घराण्याच्या पंगतीसाठी माणसं वर्षभर डुकरं पोसतात, परदेशातल्या पोरांना पत्रं लिहितात. पंगतीच्या वरच्या टोकाला पाळक बसतो. तो जेवला की घराण्याची प्रार्थना पोचली, असं कुठल्याही पवित्र शास्त्रात लिहिलेलं नाही, पण ते सगळ्यांना पाठ आहे.

कालोलाइने आधीच मोलितोनीला वखारीत गाठून बोलली. "घराघरांना सांगशील का, पाळकसाहेबांपुढे थोडंच ठेवा म्हणून? मासा, उकडलेला पाला, पपई. बाकीच्यांना काय हवं ते वाढा."

"पाळकीणबाई, थट्टा करताय."

"नाही रे बाबा."

"माझ्या पंगतीला डुकराची बारा पिल्लं भाजली जाणार आहेत. समोर बसलेला देवाचा माणूस पपई खाणार. मग मी काय करू, पिल्लं उभी करून त्यांच्याकडून भजन म्हणवून घेऊ?"

"त्यांचा पाय जाईल, मोलितोनी."

मोलितोनीचा चेहरा एकदम उतरला. त्याचं पाळकसाहेबांवर खरंच प्रेम होतं. "आपण प्रार्थना करू," तो मनापासून म्हणाला. "अख्खा आठवडा तोच विषय ठेवू." आणि त्याने तो शब्द पाळला. पिल्लं बाराच राहिली.

शनिवारच्या बोटीने आत्या लुपे आली. सुनियाच्या बापाची थोरली बहीण, वय एकोणऐंशी. एक डोळा साखरेने गेलेला, दुसऱ्याने जेमतेम दिसायचं. आमच्यात आत्या म्हणजे घराण्याचं शेवटचं टोक. तिच्या वर फक्त छप्पर. ती बसलेली असताना भाच्याच्या बायकोने उभं राहायचं नाही, आणि ती बोलत असताना तर श्वाससुद्धा बेताने घ्यायचा. तिला दोघांनी उचलून बोटीतून उतरवलं. तिने सुनियाचं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं.

"गाल कुठे गेले?" तिने विचारलं. मग कालोलाइनेच्या दिशेने वळून म्हणाली, "आजारी हा आहे, का तुझे हात?"

"डॉक्टरांनी सांगितलंय, आत्या."

"डॉक्टरांनी मलाही सांगितलं होतं. डोळे गेले माझे, पण मी कुणाचं ताट परत पाठवलं नाही."

रविवारी पहाटे सुनियाने व्यासपीठावरून स्वतः सांगितलं. माझा पाय दुखावलाय, डॉक्टरांनी थोडं खायला सांगितलंय, मंडळींनी मला सांभाळून घ्यावं. मंडळींनी मोठ्याने आमेन म्हटलं. आपले पाळकसाहेब किती नम्र आहेत, असं बाहेर पडताना लोक एकमेकांना सांगत होते.

पहिले दोन दिवस कसेबसे निभावले. सुनिया प्रत्येक पंगतीत मासा आणि पाला खायचा, पिल्लाच्या कुरकुरीत कातडीला बोट लावून तोंडाशी न्यायचा, आणि भाषण करायचा. त्याचं भाषण एवढं रंगायचं की लोकांचे डोळे भरून यायचे. मोलितोनीच्या पंगतीत त्याने कंदाचा एक जाड तुकडा जास्त खाल्ला. भूकच तेवढी लागली होती. कालोलाइनेने ते पाहिलं आणि सोडून दिलं. ते गावानेही पाहिलं होतं, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

मंगळवारी संध्याकाळी आकोसिताची पंगत होती. आकोसिता विधवा, घराणं म्हणजे ती आणि तिची म्हातारी सासू. तिच्या पंगतीत एकच पिल्लू होतं, पण तिने ते पपईची पानं चोळून असं भाजलं होतं की त्याचा रंग मधासारखा आला होता. ती सुनियाशेजारी बसून विणलेल्या पंख्याने माश्या वारत होती. सुनियाने मासा खाल्ला, पाला खाल्ला, पिल्लाला बोट लावलं. मग योनाची गोष्ट सुरू केली. पंख्याचा वेग कमी कमी होत गेला आणि शेवटी पंखा थांबला. कालोलाइने समोरच बसली होती. तिला वाटलं, बाई दमली असेल.

बुधवारी पहाटेची उपासना झाली आणि पंगत मांडलीच गेली नाही.

कालोलाइने घरी येऊन चहाचं पाणी ठेवते तोच बाहेर काहीतरी हललं. तिने खिडकीतून पाहिलं. अंगणातल्या गवतावर गाव बसलं होतं. सगळ्यांनी कमरेला जुन्या, फाटक्या, छातीपर्यंत येणाऱ्या चटया गुंडाळल्या होत्या. कुणी मेलं की नेसतात त्या, नाहीतर मोठा अपराध झाला की नेसतात त्या. पुढे काव्याचं एक अख्खं झाड मुळांसकट, आणि त्याच्याशेजारी भट्टीतून काढलेलं मोठं डुक्कर. सगळ्यांच्या माना खाली.

"काय झालं?" सुनिया काठी टेकत दारात आला.

मोलितोनी गुडघ्यांवर पुढे सरकला. "साहेब, तुम्ही रुसलात. आम्ही सोमवारीच ओळखलं. पण कशावर रुसलात ते कळत नाही. म्हणून आम्ही सगळ्याचीच माफी मागायला आलोय."

"अरे, मी कुठे रुसलोय?"

"चर्चच्या दारांसाठी आणलेला निळा रंग मी माझ्या होडीला लावला," मोलितोनी म्हणाला. "उरलेला होता, पण विचारलं नाही."

त्याच्या मागून एकेकजण बोलू लागला. कुणी प्रवचनात डोळे मिटून झोपायचा. भजनमंडळातल्या जाड आवाजाच्या बाईने पाळकसाहेबांच्या प्रार्थना फार लांबतात असं दोनदा म्हटलं होतं. मग जरा थांबून म्हणाली, तीनदा. कालोलाइनेला दाराआड हसू यायला लागलं आणि तिने हाताने तोंड दाबलं. अजून तिला वाटत होतं की हे सगळं समजावून सांगता येईल.

शेवटी आकोसिता बोलली. तिचा आवाज गवतातच विरत होता. "माझी पंगत लहान होती, साहेब. एकच पिल्लू होतं. मला ठाऊक आहे. मोलितोनीकडे तुम्ही कंद खाल्लात. माझ्याकडे काहीच गोड लागलं नाही. पुढच्या वर्षी मी जिवंत असले तर दोन करीन."

सुनियाचा चेहरा पार पडला. "आकोसिता, तुझं पिल्लू सगळ्या पंगतींत चांगलं होतं. ऐका, मंडळी. मी कुणावर रुसलो नाही. माझ्या पायाला जखम आहे, डॉक्टरांनी सांगितलंय..."

"होय साहेब," सगळे म्हणाले, आणि कुणीही उठलं नाही. ऊन चढत होतं. म्हाताऱ्या माणसांच्या कपाळावरून घाम टपकत होता. अशा माफीत माणसं तोंडच्या शब्दाने उठत नाहीत. माफ केलं म्हणजे आणलेलं खायचं. न खाता माफ करणं आमच्याकडे कुणी ऐकलेलं नाही.

घरात मधोमध चटईवर आत्या लुपे बसली होती. ती म्हणाली, "सुनिया, तोंडाने काय सांगतोस? खाऊन दाखव."

तेव्हा कालोलाइने दाराआडून बाहेर आली. आत्या बसलेली असताना ती उभ्यानेच तिच्यापुढून गेली. तीस वर्षांत असं तिने कधी केलं नव्हतं, आणि ते आत्याच्या अधू डोळ्यालाही दिसलं असावं. नवऱ्याला उंबरठ्यावर बसवून ती त्याच्या पायाशी बसली. तिने त्याची चप्पल काढली, फानेने बांधलेली पट्टी सोडली, आणि तो जड पाय मांडीवर घेऊन तळवा गावाकडे केला.

"बघा," ती म्हणाली. "सगळे बघा. हा रुसवा आहे. तुमच्या पंगतीत जेवला तर हा पाय कापतील. मला पाळक धडधाकट हवाय, दोन पायांवर उभा राहणारा हवाय. मी पाया पडते तुमच्या, याला उपाशी राहू द्या."

मग एक बाई रडू लागली, मग दुसरी, मग सगळ्याच. मोलितोनी लहान मुलासारखा हमसून रडला. कालोलाइनेने डोळे मिटले. तिला वाटलं, सुटलो. समजलं यांना. उशिरा का होईना, समजलं.

आकोसिता रांगत पुढे आली. तिने जखमेकडे पाहिलं, मग बाजूला पडलेली झिजकी चप्पल उचलून तिच्या आत बोट फिरवलं. "ही चावलीय साहेबांना," ती रडत म्हणाली. "बघा, कडा कशी झालीय. एवढी जखम, आणि आम्ही यांना जुन्या चपलांवर उभं केलं."

"आणि ती भरणार कशी?" मागून कुणीतरी म्हणालं. "अंगात ताकद नको? दोन महिने पाल्यावर ठेवलंय."

"म्हणूनच गाल गेले," आत्या आतून म्हणाली.

सगळ्यांच्या नजरा कालोलाइनेकडे वळल्या. राग नव्हता त्यांच्यात. राग असता तर तिने भांडण केलं असतं, भांडणात ती कुणाला हार जात नाही. पण ते तिच्याकडे दयेने बघत होते, चुकलेल्या पोरीकडे बघावं तसे.

"कालोलाइने," आत्या म्हणाली, "पान आण."

ती उठली नाही. तिने सुनियाकडे पाहिलं. त्याने नाही म्हणावं म्हणून ती वाट बघत होती. सुनिया आकोसिताकडे बघत होता. ती विधवा उन्हात, फाटक्या चटईत, हातात त्याची चप्पल घेऊन बसली होती.

"आण," तो हळूच म्हणाला.

कालोलाइने आत गेली. तिचा हात फानेने भाग पाडलेल्या त्या पांढऱ्या ताटाकडे गेला होता. तिने तो मागे घेतला आणि केळीचं मोठं पान काढलं. डुकराचा पाठीचा भाग, कंद, अळूच्या पानातली सिपी, सगळं तिनेच वाढलं आणि तिनेच नवऱ्यापुढे ठेवलं. सुनियाने पहिला घास घेतला तसे लोक एकेक करून उठू लागले. तो खात होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पण दहा आठवड्यांची भूक होती ती. चार घासांनंतर त्याचा हात भराभर चालायला लागला, आणि त्याला ते आवडत होतं, हे तिच्याइतकं कुणाला कळणार?

उरलेल्या दिवसांच्या पंगती तो नीट जेवला. एकीकडे जेवून दुसरीकडे नाही म्हणणं आता शक्यच नव्हतं. आठवडा संपला तरी गाव थांबलं नाही. साहेबांची ताकद भरून काढायची म्हणून रोज एका घरातून टोपली यायला लागली. कालोलाइने टोपल्या गुपचूप शेजारी पाठवायची. शेजारी त्यात भर घालून परत पाठवायचे. आत्या लुपेने मुक्काम वाढवला. ती सुनियाजवळ बसून स्वतःच्या हाताने त्याला घास द्यायची, आणि आत्याच्या हातचा घास नाकारणारा भाचा आमच्या बेटांवर अजून जन्माला यायचाय.

दुसऱ्या मंगळवारी फानेने पट्टी सोडली आणि तोंड बाजूला केलं. वास येत होता. वालाच्या दाण्याची जखम नाण्यापुढे गेली होती, कडा काळवंडली होती. कालोलाइनेला वाटलं, ही आता आपल्याला फाडून खाईल. पण फटकळ फाने काहीच बोलली नाही. तिने जखम धुतली, बांधली, हात धुतले.

"बोल काहीतरी," कालोलाइने म्हणाली.

"काय बोलू, काकू? गेलेलं वजन शरीर परत मागतं, असं डॉक्टर म्हणतात. एकटं शरीर असतं तर आपण भांडलो असतो त्याच्याशी. इथे त्याच्या बाजूने अख्खं गाव उभं आहे." ती पिशवी उचलून दारापर्यंत गेली आणि थांबली. "माझ्या बापाचे दोन्ही पाय गेलेत. मी नर्स आहे. त्याच्या ताटात सिपी मीच वाढत होते."

त्या दुपारी सुनिया खुर्चीत बसला होता. मांसाचे दोन डबे त्याच्या पायाशी होते. त्यांना बरेच दिवस कुणी हात लावला नव्हता.

"तू नाही म्हणायला हवं होतंस," कालोलाइने म्हणाली.

"आकोसिताला?"

तिने ते डबे उचलून भिंतीशी ठेवले.

"तू म्हणाली असतीस?" त्याने विचारलं. त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. आणि तिला ते केळीचं पान आठवलं, आपल्याच हातांनी वाढलेलं.

जानेवारीच्या शेवटच्या गुरुवारी डॉक्टरने बोलावलं होतं. निघताना वजन करून आणायचं होतं, म्हणून बोटीआधी ते वखारीत गेले. अख्खं गाव धक्क्यावर आलं होतं. मोलितोनीने फळी झाडली, चटई अंथरली. सुनिया दोघांच्या आधाराने चढला.

"एकशे अडुसष्ट," मोलितोनी ओरडला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. भजनमंडळाने स्तुतीचं गीत सुरू केलं, चारही आवाजांत, आणि ते इतकं सुंदर म्हटलं की कालोलाइनेला कान बंद करून घ्यावेसे वाटले. आत्या लुपेने भाच्याचे गाल चाचपले. "आता दिसतोय माझ्या भावाचा मुलगा," ती म्हणाली. कालोलाइनेने पिशवीतून कार्ड काढलं आणि एकशे बासष्टच्या खाली एकशे अडुसष्ट लिहिलं.

दवाखान्यातलं जेवण कसं असतं ते सगळ्यांना माहीत होतं, म्हणून बोटीत टोपल्या चढत होत्या. शेवटची टोपली आकोसिताची. तिने त्यात काय घातलं होतं ते वासावरूनच कळत होतं. त्या घरात दुसरं पिल्लू कुठून आलं असेल, याचा विचार कालोलाइनेने केला नाही. तिने टोपली दोन्ही हातांनी घेतली आणि आभाराचं मालो म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

मग मोलितोनी एक खोकं घेऊन पुढे आला. गावाने वर्गणी काढून शहरातल्या दुकानातून मागवलेल्या काळ्या चामड्याच्या चपला होत्या, सुनियाच्या मापाच्या, आतून मऊ अस्तर लावलेल्या. "या चावणार नाहीत, साहेब," तो म्हणाला. "परत येताना घालून या." सुनियाने त्याचा हात धरला. गावापुढे भाषण करायला तो उभा राहिला, पण त्याच्या तोंडून शब्द फुटेना. लोकांना ते भाषणापेक्षा जास्त आवडलं.

बोट सुटली. धक्क्यावरची माणसं हात हलवत लहान होत गेली. सुनियाने खोकं मांडीवर घेतलं, झाकण काढलं, कागद बाजूला केला. नवीन चामड्याचा वास आला.

"डावी घालून बघू का?" त्याने विचारलं.

कालोलाइने खाली बसली आणि तिने ती त्याच्या डाव्या पायात चढवली. पट्टा लावला, टाचेमागे बोट घालून पाहिलं.

"बसते?" तिने विचारलं.

"छान बसते," तो म्हणाला.

उजवी चप्पल तिने परत कागदात गुंडाळली आणि खोक्यात ठेवून दिली.